फोटो असलेल्या पानांसाठी इंकजेटचा कागद कसा निवडावा

आमच्या मोठ्या काकूंच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी घरीच एक पुस्तिका छापायची ठरली. चोवीस पानं, काकूंनी सांगितलेल्या आठवणी, आणि जवळजवळ प्रत्येक पानावर एक-दोन फोटो. माहेरचा वाडा, लग्नातला काळा-पांढरा फोटो, नातवंडांच्या मुंजी. मजकूर लिहायला महिना लागला आणि कागद घ्यायला पाच मिनिटं. दुकानात "फोटो छापायचेत, चांगला कागद द्या" म्हटल्यावर एक जाड, गुळगुळीत, चकाकणारा कागद समोर आला. पहिलं पान बाहेर पडलं तेव्हा देखणं दिसत होतं. मी काकूंच्या नऊवारीच्या काठावर अंगठा टेकला आणि काठ पुसला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळीही शाई ओलीच होती. तो आर्ट पेपर होता, छापखान्यातल्या ऑफसेट मशीनसाठी बनवलेला. कागद चांगलाच होता, पण इंकजेटचा नव्हता.

घरी इंक टँक प्रिंटर (बाटलीतून शाई भरायचा इंकजेट) घेऊन पहिल्यांदाच फोटोंसकट काही छापायला बसलेल्या माणसासाठी हे सगळं लिहिते आहे. मुलांचा प्रकल्प असेल, मंडळाचा अहवाल असेल, घरातल्या पाककृतींची वही असेल. ज्या क्रमानं मी आता कागद निवडते, त्याच क्रमानं सांगते.

आधी कागदावर घडतं काय

इंकजेट प्रिंटर पाण्यासारखी पातळ शाई अगदी बारीक थेंबांनी कागदावर उडवतो. थेंब पडल्यावर पुढं काय होणार, ते कागद ठरवतो. साध्या कागदात तंतू असतात आणि शाई त्या तंतूंच्या वाटेनं इकडंतिकडं पसरते. शाई फुटणं म्हणतात ते हेच. अक्षरांच्या कडा केसाळ होतात. काही शाई खोल झिरपते, त्यामुळे फोटोचे रंग फिके पडतात आणि मागच्या बाजूलाही उमटतात. आर्ट पेपरवरचा लेप ऑफसेटच्या घट्ट, तेलकट शाईसाठी असतो. पाण्याची शाई त्यात नीट शिरत नाही, वरच साचून राहते. काकूंच्या नऊवारीचं तेच झालं.

इंकजेटसाठी मुद्दाम बनवलेल्या कागदाच्या अंगावर सिलिकासारख्या बारीक भुकटीचा सच्छिद्र लेप असतो. तो थेंबातलं पाणी पटकन ओढून घेतो आणि रंग जिथं पडला तिथंच, वरच्या वर धरून ठेवतो. म्हणून रंग भरदार दिसतो आणि कड स्वच्छ राहते. कागद निवडताना पाकिटावरच्या जाडीच्या आकड्याकडं, म्हणजे जीएसएमकडं, सगळ्यांचं लक्ष जातं. माझ्या मते पहिलं लक्ष या लेपाकडं जायला हवं. लेप योग्य असेल तर शंभरएक जीएसएमचा कागदही सुरेख फोटो देतो. लेप चुकीचा असेल तर तीनशे जीएसएमचा कागदही वाया जातो.

पायरी १: हे पान कुठं जाणार, ते ठरवा

बँकेत, विम्याच्या दाव्याला किंवा नगरपालिकेच्या तक्रारीला जोडून द्यायचे फोटो असतील, तर साधा ८० जीएसएमचा कागद पुरतो. त्या पानांना पंच मारतात, टॅगनं ती फायलीत बांधतात, त्यांच्या झेरॉक्स काढतात. जाड किंवा गुळगुळीत पान तिथं अडचणच करतं. भिंतीवरची ओल, पुढं आलेला बंपर, खचलेला रस्ता एवढं स्पष्ट दिसलं की काम झालं.

स्थळासाठी द्यायचा बायोडाटा एकाच बाजूनं छापला जातो, तो चार घरांत फिरतो, घडी घालून पर्समध्ये जातो. बचत गटाचं माहितीपत्रक गर्दीत, घामेजल्या हातांतून जातं. आठवणींची पुस्तिका पाठपोट छापायची असते, तिची पानं शेकडो वेळा उलटली जाणार असतात आणि ती वीस वर्षं टिकावी अशी आपली इच्छा असते. या तिघांनाही लेपाचा कागद हवा, पण एकच कागद तिघांना बसणार नाही.

म्हणून दुकानात जाण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहून काढा. पान एका बाजूनं छापायचं की पाठपोट? आणि पानावर मजकूर जास्त आहे की फोटो? पुढचे बरेच निर्णय या दोन उत्तरांवरून आपोआप होतात.

पायरी २: प्रिंटरात कोणती शाई आहे, ते बघा

शाई दोन प्रकारची असते, डाय आणि पिगमेंट. डाय शाईत रंग पाण्यात साखरेसारखा पूर्ण विरघळलेला असतो. पिगमेंट शाईत रंगाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात, गेरू कालवल्यासारखे. डाय शाई कागदात मुरते, तिचे रंग झळझळीत दिसतात, पण पाण्याचा थेंब पडला की ती ओघळते. पिगमेंटचे कण वरच बसतात, म्हणून साध्या कागदावर अक्षरं काळी कुळकुळीत आणि रेखीव येतात, आणि ती पाण्याला व उन्हाला जास्त दाद देत नाहीत.

घरगुती प्रिंटरमध्ये दोन्ही तऱ्हा सापडतात. एप्सनच्या एल ३२५० मध्ये काळ्यासकट चारही शाया डाय आहेत. कॅननच्या जी ३०१० मध्ये किंवा एचपीच्या स्मार्ट टँक मालिकेतल्या बऱ्याच मॉडेलमध्ये काळी शाई पिगमेंट आणि रंगीत तिन्ही डाय अशी जोडी असते. तुमच्याकडं कोणती आहे ते बाटलीच्या खोक्यावर किंवा माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. बाजारातली दुसऱ्या कंपनीची शाई भरली असेल तर त्या बाटलीवर वाचा.

याचा कागदाशी संबंध असा. पिगमेंट काळी शाई चकचकीत कागदावर नीट मुरत नाही, बोट लागलं की पुसते. म्हणून सेटिंगमध्ये ग्लॉसी कागद निवडला की असा प्रिंटर सहसा काळी शाई बाजूला ठेवतो आणि तीन रंग मिसळून काळा तयार करतो. फोटोला तो चालतो. पण त्याच पानावर दहा पॉइंटची देवनागरी अक्षरं असली की ती थोडी तपकिरी, थोडी भुरकट वाटतात. अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरांच्या बारीक फटी बुजतात. 'क्ष' आणि 'ज्ञ' बघा, लगेच कळेल. मजकूर जास्त असलेल्या पानाला ग्लॉसी कागद मी टाळते, त्यातलं एक मोठं कारण हे.

पायरी ३: कागदाच्या जाती ओळखा

झेरॉक्सचा कागद. ७० ते ८० जीएसएम, रीममध्ये ५०० पानं. मजकुराला उत्तम. फोटो फिके येतात, आणि फोटो मोठा असेल तर शाईच्या ओलीनं पान लाटेसारखं वर-खाली होतं. एकाच बाजूनं, लहान फोटोंसह छापायचं असेल तर हाच घ्या आणि पैसे वाचवा.

बाँड. दुकानदार एक्झिक्युटिव्ह बाँड म्हणतात तो, ८५ किंवा १०० जीएसएमचा, प्रकाशात धरल्यावर पुष्कळदा आत वॉटरमार्कची पुसट खूण दिसणारा. हाताला कडक लागतो, पत्रांना आणि प्रमाणपत्रांना शोभतो. पण त्याच्यावर इंकजेटचा लेप नसतो. फोटो झेरॉक्सच्या कागदापेक्षा जेमतेम बरा येतो. नावात भारदस्तपणा आहे म्हणून अल्बमसाठी बाँड घेतलेले लोक मी पाहिले आहेत, आणि नंतर त्यांचा हिरमोडही पाहिला आहे.

इंकजेट मॅट. फोटो आणि मजकूर एकाच पानावर असेल तर बहुतेक वेळा उत्तर इथंच मिळतं. दिसायला साध्या जाड कागदासारखा, पण अंगावर लेप. बोटांना किंचित खडूसारखा, कोरडा लागतो. अक्षरं रेखीव येतात, फोटोचे रंग भरतात, ट्यूबलाइटखाली चमकत नाही, बोटांचे ठसे दिसत नाहीत, पेननं त्यावर लिहिता येतं. साधारण १०० पासून २३० जीएसएमपर्यंत मिळतो. घेताना एकच गोष्ट नीट विचारा. लेप एका बाजूला आहे की दोन्ही बाजूंना? एका बाजूचा मॅट पाठपोट छापायला घेतला तर सगळी डावी पानं फिकी येतील. पाकिटावर दोन्ही बाजूंनी छापता येतो असं स्पष्ट लिहिलेलं असावं.

मॅटला एक उणीव आहे. गडद भाग ग्लॉसीइतका खोल काळा दिसत नाही. रात्रीच्या आतषबाजीचा किंवा दीपमाळेचा फोटो मॅटवर थोडा शांत वाटतो. घरातल्या माणसांच्या फोटोंना याचा तोटा जाणवत नाही.

ग्लॉसी. आपण सर्रास फोटो पेपर म्हणतो तो. यातही दोन जाती आहेत आणि दुकानात कोणी आपणहून फरक सांगत नाही. स्वस्त ग्लॉसीमध्ये कागदावर थेट चकचकीत लेप दिलेला असतो. त्याची मागची बाजू साध्या कागदासारखी असते, ओल लागली की तो वाकतो. महाग ग्लॉसीच्या आत कागद आणि दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, त्यावर शाईचा लेप. जुन्या फोटो स्टुडिओतल्या फोटोसारखा तो हाताला लागतो. पाकिटावर आरसी किंवा रेझिन कोटेड लिहिलेलं असेल तर तो हा. भिंतीवर लावायचा, फ्रेममध्ये घालायचा किंवा पुस्तिकेच्या सुरुवातीला एकच पानभर फोटो द्यायचा असेल तर हा घ्या. पानोपानी मजकूर असेल तर वाचताना दिव्याची तिरीप डोळ्यांवर येते, आणि ज्येष्ठ मंडळी वाचणार असतील तर त्यांना ते फार त्रासाचं होतं. काकूंनी तसलं एक पान हातात धरून तीनदा कलतं केलं आणि बाजूला ठेवलं, तेव्हा मला ते उमजलं.

मधली जात म्हणजे सॅटिन, लस्टर किंवा सेमी-ग्लॉस. चमक कमी, रंग ग्लॉसीच्या जवळपास. बायोडाट्यासारख्या एकाच बाजूच्या, मोठ्या फोटोच्या पानाला छान. मात्र गावोगावी सहज मिळत नाही.

आणखी एक धोका. इंकजेटचा ग्लॉसी कागद ऑफिसमधल्या लेझर प्रिंटरमध्ये कधीही घालू नका. लेझरमध्ये गरम रूळ असतो, त्यावर कागदाचा लेप किंवा प्लॅस्टिकचा थर वितळून चिकटू शकतो, आणि मग दुरुस्तीचा मोठा खर्च येऊ शकतो.

पायरी ४: वजन, आरपारपणा आणि पांढरेपणा

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए४ पान जवळजवळ त्याच्या सोळाव्या हिश्शाएवढं असतं, म्हणून ८० जीएसएमचं एक पान ५ ग्रॅमचं आणि ५०० पानांची रीम अडीच किलोची. हे लक्षात असलं की दुकानातल्या सुट्या, विनालेबलच्या गठ्ठ्याचंही वजन करून अंदाज घेता येतो. पार्सलचं टपाल किती होईल तेही आधी कळतं. १२० जीएसएमचं पान साडेसात ग्रॅमचं.

पाठपोट पुस्तिकेला मला १२० ते १४० जीएसएमचा दोन्ही बाजूंचा मॅट सगळ्यात योग्य वाटतो. त्याहून हलका घेतला तर मागचा फोटो पुढच्या मजकुरामागून सावलीसारखा दिसतो. त्याहून जाड घेतला तर पानं नीट उलटत नाहीत, पुस्तिका अर्धवट उघडी राहते. मुखपृष्ठासाठी १८० ते २३०. एका बाजूच्या बायोडाट्याला १२० पुरे.

पण दोन कंपन्यांचे १०० जीएसएमचे कागद सारखेच अपारदर्शक असतात असं नाही. तपासायला सोपं आहे. वर्तमानपत्राच्या ठळक मथळ्यावर कोरा कागद ठेवा. अक्षरं वाचता आली तर पाठपोट छापायचा विचार सोडून द्या. नुसती काळी पट्टी जाणवली तर फोटो लहान ठेवून चालवून घेता येईल. काहीच दिसलं नाही तर निर्धास्त राहा.

पांढरेपणाकडं लोक फारसं बघत नाहीत. खूप शुभ्र, निळसर झाक असलेल्या कागदात प्रकाश वाढवणारी रसायनं घातलेली असतात. ती डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून निळा उजेड बाहेर टाकतात. नव्या रंगीत फोटोंना हा कागद उठाव देतो. पण वर्षं गेली, ऊन लागलं की या रसायनांचा जोर ओसरतो आणि कागद पिवळसर दिसू लागतो. जुने काळे-पांढरे किंवा तपकिरी पडलेले फोटो किंचित उबदार पांढऱ्या कागदावर जास्त खरे वाटतात. आमच्या पुस्तिकेत वाड्याचे आणि लग्नाचे फोटो होते, म्हणून मी तसाच निवडला.

पायरी ५: प्रिंटर तो कागद गिळेल का

प्रिंटरमध्ये कागद मागच्या बाजूनं उभा घालायचा असेल तर तो जवळजवळ सरळ रेषेत खाली जातो, त्यामुळे जाड कागद चालण्याची शक्यता जास्त. कागद पुढच्या खणात आडवा ठेवायचा असेल तर तो आत उलटा वळून बाहेर येतो. या वळणावर जाड कागद अडकतो किंवा त्याच्या लेपाला चरे पडतात. माहितीपुस्तिकेत कमाल जीएसएम दिलेला असतो. साध्या कागदासाठी वेगळा आणि कंपनीच्या फोटो पेपरसाठी वेगळा आकडा असतो, दोन्ही वाचा. तो आकडा हातात घेऊनच दुकानात जा.

पायरी ६: सुटी पानं आणा आणि एक चाचणी पान छापा

शंभर पानांचं पाकीट घेण्याआधी दोन-चार जातींची सुटी पानं मिळवा. पुण्यात अप्पा बळवंत चौकात, मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर स्टेशनरीची इतकी दुकानं आहेत की कोणी ना कोणी सुटी पानं देतं. लहान गावात छापखान्यात किंवा फोटो स्टुडिओत विचारा. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं नाव आणि जीएसएम लिहून ठेवा, घरी आल्यावर सगळी पानं सारखीच दिसतात.

छापायची बाजू ओळखायची असेल तर पानाच्या कोपऱ्याला किंचित ओलं बोट लावा. जी बाजू बोटाला चिकटल्यासारखी वाटेल ती लेपाची.

चाचणी पान स्वतःच तयार करा. माझ्या पानावर चार गोष्टी असतात. नऊ आणि अकरा पॉइंटमध्ये एक परिच्छेद, शक्यतो जोडाक्षरांनी भरलेला. उजेडात काढलेला एक चेहरा. एक अंधारा फोटो, ज्यात काळे केस किंवा काळा कोट आहे. आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाणारी एक करडी पट्टी.

काकूंच्या पुस्तिकेसाठी चेहऱ्याच्या जागी मी त्यांचा पंचविशीतला फोटो घेतला होता, नथ घातलेला. तीन कागदांवर छापून, दिवसभर वाळवून, दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीत शेजारी शेजारी ठेवले. झेरॉक्सच्या कागदावर नथ म्हणजे ओठाजवळचा एक पांढरट ठिपका होता, आणि पदराची जर पिवळ्या रेघेसारखी सपाट. ग्लॉसीवर मोत्यांना खरी चमक आली होती, जर लखलखत होती, पण खालच्या मजकुरात 'तीर्थरूप'चा रफार जाडसर होऊन खालच्या अक्षराला टेकला होता. १२० जीएसएमच्या मॅटवर नथीतले मोती वेगवेगळे मोजता येत होते, मधला लाल खडा दिसत होता, आणि केसांतल्या गजऱ्याची फुलं एकमेकांत मिसळली नव्हती. मजकूर स्वच्छ. निर्णय तिथंच झाला.

तुम्हीही हे दिवसाच्या उजेडात बघा, आणि रात्री घरातल्या दिव्याखाली पुन्हा एकदा बघा. पांढऱ्या एलईडीखाली छान दिसलेला त्वचेचा रंग दिवसा लालसर निघतो, असं होतं. ओलसर बोट मजकुरावरून फिरवा. पान घडी घालून बघा, घडीवर लेप तडकून पांढरी रेघ उमटते का. पुस्तिका करणार असाल तर ही घडीची परीक्षा सोडू नका.

घडीवरून आठवलं. ए४ पान मधोमध दुमडून, घडीवर पिना मारून ए५ पुस्तिका करायची असेल तर कागदाचा ग्रेन बघा. कागदाचे तंतू बहुतेक एका दिशेला असतात. पान एकदा लांबीच्या बाजूनं आणि एकदा रुंदीच्या बाजूनं हलकेच वाकवा. ज्या दिशेला सहज वाकतं त्या दिशेला समांतर घडी घातली तर ती सरळ आणि गुळगुळीत बसते. ए४ पाकिटांत ग्रेन बहुधा लांबीच्या दिशेनं असतो, म्हणजे ए५ साठीची आडवी घडी तंतू मोडून घालावी लागते. जाड कागद तिथं तडकतो. यावर उपाय म्हणजे फूटपट्टी ठेवून न लिहिणाऱ्या बॉलपेननं आधी रेघ दाबून घ्यायची आणि मगच दुमडायचं. तेवढं करायचं नसेल तर ए४ आकारातच ठेवा आणि स्पायरल करून घ्या. आम्ही तेच केलं, काकूंना मोठी अक्षरंही हवीच होती.

पायरी ७: कोणता कागद घातला, ते प्रिंटरला सांगा

मॅट कागद घालून सेटिंगमध्ये 'प्लेन पेपर' तसंच राहू दिलं, तर चांगल्या कागदाचा निम्मा फायदा गेला. कागदाच्या प्रकारावरून प्रिंटर किती शाई सोडायची, किती बारीक थेंब टाकायचे हे ठरवतो. छापण्याच्या खिडकीत 'पेपर टाइप' शोधा. मॅट असेल तर मॅट, ग्लॉसी असेल तर ग्लॉसी निवडा. दुसऱ्या कंपनीचा कागद असेल तर नावाची काळजी करू नका, जवळची जात निवडा. 'क्वालिटी' हाय ठेवा. वेळ जास्त लागेल, लागू दे.

मॅट किंवा ग्लॉसी निवडल्यावर आपोआप पाठपोट छापायचा पर्याय बऱ्याच प्रिंटरमध्ये बंद होतो. प्रिंटर बिघडलेला नाही. आधी सगळी विषम पानं छापा, ती वाळू द्या, मग गठ्ठा उलटून सम पानं छापा. गठ्ठा कसा उलटायचा ते आधी साध्या कागदाच्या दोन पानांवर करून बघा आणि बाणाची खूण करून ठेवा.

फोटोच्या फायलीकडंही लक्ष द्या. दहा सेंटिमीटर रुंद फोटो नीट छापायला साधारण १,२०० पिक्सेल रुंदी लागते, म्हणजे इंचाला ३००. नातेवाइकांकडून व्हॉट्सॲपवर फोटो मागवताना "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" असं आवर्जून सांगा, नाहीतर फोटो दाबून लहान होऊन येतो. कागद कितीही चांगला घेतला तरी नसलेला तपशील तो आणू शकत नाही.

नातेवाईक अमेरिकेत किंवा कॅनडात असतील आणि तिथं स्वतःच छापणार असतील तर एक भानगड आधीच मिटवा. तिकडं ए४ ऐवजी लेटर आकार चालतो. तो साधारण सहा मिलिमीटर रुंद जास्त आणि जवळजवळ अठरा मिलिमीटर लांबीला कमी. पीडीएफ छापताना 'फिट' निवडायला सांगा, नाहीतर खालची ओळ कापली जाते. तिथल्या पाकिटांवर वजन पौंडात असतं. २० पौंडांचा बाँड म्हणजे आपला ७५ जीएसएम, ३२ पौंडांचा म्हणजे १२०. कव्हर किंवा फोटो कागदाच्या पौंडांचं गणित वेगळं असतं, तिथं पाकिटावरचा जीएसएम बघायला सांगा.

पायरी ८: छापा, वाळवा, जपा

महागडं पान आत घालण्याआधी साध्या कागदावर नोझल चेक, म्हणजे शाईची छिद्रं मोकळी आहेत का ते दाखवणारं चाचणी पान, छापा. एखाद्या रंगाची रेघ तुटक असेल तर आधी हेड साफ करा. पानं गठ्ठ्यातून काढून एकदा फडफडवून घ्या म्हणजे दोन एकदम जाणार नाहीत. मागच्या ट्रेमध्ये छापायची बाजू आपल्याकडं, पुढच्या खणात बहुतेक वेळा खाली. ग्लॉसी पान एकेकच घाला. पानाचे काठ वर उचललेले असतील तर छापू नका. हेड काठाला घासतं आणि कडेला काळे डाग पडतात. उलट दिशेनं हलकेच वाकवून पान आधी सपाट करा.

छापलेली पानं एकावर एक पडू देऊ नका. टेबलावर पसरा, पाठपोट करताना दोन बाजूंमध्ये निदान अर्धा तास जाऊ द्या. प्लॅस्टिकच्या खिशात, फ्रेममध्ये किंवा लॅमिनेशनला देण्याआधी पूर्ण एक दिवस थांबा. घाईनं बंद केलेल्या ओलाव्यानं फोटोवर धुरकट ढग येतात.

पावसाळ्यात हे सगळे वेळ दुप्पट धरा. कोकणात आणि गोव्यात जुलै महिन्यात मीठ पाझरतं, तसा कागदही हवेतलं पाणी पितो, आधीच ओला झालेला लेप शाई धीम्या गतीनं ओढतो आणि पान गुंडाळी होऊ लागतं. जमलं तर मोठं काम पावसाळ्याआधी उरका. नाही जमलं तर खोलीत पंखा चालू ठेवा, पण थेट ओल्या पानांवर नको. पाकिटातून लागतील तेवढीच पानं काढा.

उरलेला कागद मूळ प्लॅस्टिकच्या पाकिटात, तोंड चिकटपट्टीनं बंद करून, कपाटात आडवा ठेवा. बुटांच्या खोक्यातून आलेल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून देऊ नका, त्यातली एक पाकिटात सरकवा. आणि पाकिटावर मार्करनं तीन गोष्टी लिहून ठेवा. कागद कधी उघडला, पेपर टाइप कोणता निवडला होता, आणि छापायची बाजू कोणती. काकूंच्या पुस्तिकेच्या पाच प्रती नातलगांनी नंतर आणखी मागितल्या, तेव्हा या तीन ओळींच्या आधारानं त्या एका संध्याकाळी झाल्या.